पेल्व्हिसचं फ्रॅक्चर: बाहेरची फ्रेम, बारीक छेदातले स्क्रू की उघडून प्लेट?

तळजाई

आठ महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचा अपघात झाला. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुण्यातल्यांना वेगळा सांगायला नको. बाजूच्या रस्त्यावरून घुसलेल्या टेम्पोने दुचाकीला डावीकडून धडक दिली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. उचलायला आलेल्या माणसांना तो एवढंच सांगत होता, "कमरेला हात लावू नका."

मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. त्या बारा दिवसांत जे विचारलं आणि जे समजलं ते इथे लिहिते, कारण तेव्हा मराठीत हे सलग कुठे वाचायला मिळालं नाही. चुकलं असेल तिथे जाणकारांनी दुरुस्त करावं.

पेल्व्हिस म्हणजे हाडांचं कडं. मागे माकडहाडाच्या वरचं सॅक्रम, दोन्ही बाजूंना कमरेची रुंद हाडं, आणि ती दोन्ही समोर जिथे भेटतात तो प्युबिक सांधा. काचेची बांगडी दाबली की एका जागी फुटून थांबत नाही, दुसरीकडेही तडकते. या कड्याचंही तसंच. भावाच्या एक्स-रेमध्ये समोरच्या डाव्या फांद्या (प्युबिक सांध्याकडे येणारे हाडाचे बारीक भाग) मोडलेल्या दिसल्या आणि आम्हाला वाटलं एवढंच आहे. मागे सॅक्रममधून, नसा बाहेर पडतात त्या भोकांतूनच उभी गेलेली चीर सीटी स्कॅनमध्ये कळली. डावा भाग साधारण एक सेंटीमीटर वर सरकला होता.

पहिल्या रात्री पोटासमोर बाहेरची फ्रेम बसवली. तिसऱ्या दिवसापर्यंत आमच्याकडे तीन मतं जमली. एक, फ्रेमच काही आठवडे ठेवू. दोन, मागून उघडून मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत रॉड आणि समोर प्लेट. तीन, एकेक सेंटीमीटरच्या छेदांतून मागे आणि पुढे स्क्रू. आई म्हणाली, ज्यात कमी कापाकापी ते करा. काका म्हणाले, मोठं ऑपरेशन म्हणजे पक्कं काम. मी दोघांच्या मधे फाइल घेऊन फिरत होते आणि प्रत्येक डॉक्टरांना एकच विचारत होते, "छेद किती मोठा?"

तो प्रश्नच चुकीचा होता. तिसऱ्या डॉक्टरांनी सीटीचे फोटो पडद्यावर लावले आणि मला विचारायला शिकवलं: कडं कुठे कुठे तुटलंय, मागचं हलतंय का, आणि न उघडता ते जागेवर येईल का. "जागेवर आलं तर स्क्रू. नाही आलं तर उघडीन, आणि तसं संमतिपत्रात आधीच लिहून ठेवतो," असं ते म्हणाले. तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

झालं असं: मांडीच्या हाडातून पिन घालून दोन दिवस वजन लावलं, त्याने वर सरकलेला भाग खाली आला. पाचव्या दिवशी भूल दिल्यावर सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) उरलेलं बसवलं. मागे दोन स्क्रू, समोर वरच्या फांदीत एक लांब स्क्रू. टाके मोजके. रक्त चढवावं लागलं नाही. फ्रेम त्याच टेबलावर काढली.

आज तो चालतो. डाव्या पोटरीला बाहेरून थोडी बधिरता आहे, ती अपघाताचीच.

इतरांचे अनुभव हवे आहेत, विशेषतः ज्यांचं वेगळ्या पद्धतीने झालं त्यांचे.

अस्थिरंग

तळजाई, मी हाडांचा डॉक्टर आहे, ट्रॉमाचं काम करतो. तुम्ही लिहिलंय त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नाही. थोडी भर घालतो. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजावं.

आम्ही आधी धक्का कुठून आला ते बघतो. यंग आणि बर्जेस यांची वर्गवारी त्यावरच उभी आहे: बाजूने दाबलं गेलं, समोरून पुस्तकासारखं उघडलं, की उंचावरून पडून अर्धा भाग वर सरकला. टाइल यांची वर्गवारी स्थैर्य बघते: न हलणारं, फिरणारं, किंवा फिरतं आणि वरही सरकतं असं. तुमच्या भावाचं तिसऱ्या प्रकाराकडे झुकणारं वाटतं. तसं असेल तर नुसत्या पुढच्या फ्रेमवर ते टिकलं नसतं. कड्याची ताकद मागच्या अस्थिबंधांत (लिगामेंटमध्ये) आहे. पुढची फ्रेम पुढचं धरते, मागचा भाग वर सरकायचा तो सरकतोच. फ्रेमचं काम मुख्यतः पहिल्या रात्रीचं: रक्तस्राव आटोक्यात आणणं आणि माणूस हलवता येईल असा करणं. ते काम ती उत्तम करते. पुढे आठवडेच्या आठवडे ठेवली की पिनांभोवती पू होतो, पिना सैल होतात, बसता येत नाही, कुशीवर वळता येत नाही.

मागच्या बाजूला बारीक छेदातून जो स्क्रू जातो तो इलिओसॅक्रल स्क्रू. १९८९ साली मॅटा आणि सॉसेडो यांनी ते तंत्र मांडलं, नव्वदच्या दशकात रूट यांनी रुग्णाला पाठीवर झोपवून ते रूढ केलं. नितंबाच्या बाजूने आधी बारीक तार घालतात, ती बरोबर गेल्याची खात्री झाली की तिच्यावरून साधारण साडेसहा ते साडेसात मिलिमीटर जाडीचा पोकळ स्क्रू. तार सॅक्रमच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यात पोचायची असते. वर आणि पुढे पाचव्या कंबर-मणक्याची नस, खाली सॅक्रमचं भोक आणि त्यातली नस, मागे मज्जारज्जूच्या नसांचा जुडगा. यांच्यामधून वाट काढायची. म्हणून सी-आर्म वरून तिरका, खालून तिरका आणि बाजूने असा तीन कोनांतून फिरवून बघावा लागतो. एकाच कोनातून सुंदर दिसणारा स्क्रू हाडाबाहेर असू शकतो.

आणखी एक. काही लोकांच्या सॅक्रमचा आकार जन्मतःच वेगळा असतो. पहिल्या मणक्यातली वाट अरुंद आणि तिरकी असते. त्यांना आडवा सरळ स्क्रू तिथे बसतच नाही, दुसऱ्या मणक्यात मात्र जागा बरी मिळते. हे ऑपरेशनच्या आधी सीटीवर मोजायचं असतं, टेबलावर शोधायचं नसतं.

सॅक्रमची चीर भोकांतून गेली असेल तर स्क्रू आवळतानाही सांभाळावं लागतं. अर्धवट आटे असलेला स्क्रू दोन तुकडे एकमेकांवर दाबतो. मधे चुरा असेल तर नस त्यात चिरडते. अशा वेळी पूर्ण आट्यांचा स्क्रू वापरून फक्त धरून ठेवायचं. डेनिस यांनी १९८८ मध्ये सॅक्रमचे तीन पट्टे पाडले आणि नसांच्या इजेचं प्रमाण दाखवलं: भोकांच्या बाहेर साधारण ६ टक्के, भोकांतून २८, आणि मधल्या भागातून ५७. तुमच्या भावाची बधिरता त्या २८ टक्क्यांतली.

यंत्रवेल्हाळ

चाकणला जिग-फिक्स्चरच्या कामात आहे, वैद्यकीय काही कळत नाही. पण एक विचारतो. भावाला मागे दोन स्क्रू का? एकाने भागलं नसतं का? आमच्याकडे एका बोल्टवर धरलेली पट्टी बोल्टभोवती फिरते, दुसरा बोल्ट आला की फिरायची थांबते. तेच कारण का?

अस्थिरंग

तेच. एका स्क्रूभोवती अर्धं कडं फिरू शकतं. पहिल्या मणक्यात एक आणि दुसऱ्यात एक दिला की ते फिरणं थांबतं. हाड ठिसूळ असेल किंवा चीर उभी असेल तर त्यातला निदान एक स्क्रू एका कमरेच्या हाडातून निघून सॅक्रम पार करून दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंत नेतात. त्याला दोन्हीकडे कठीण कवच मिळतं. स्क्रूच्या डोक्याखाली वॉशर का असतो हे तर तुम्हालाच चांगलं कळेल, नाहीतर डोकं मऊ हाडात रुतून आत जातं.

निवडुंग

माझं २०२२ चं. समोरून उघडलेला प्रकार, पण प्युबिक सांधा शाबूत, फांद्या दोन्हीकडच्या मोडलेल्या. मागे एक स्क्रू आणि पुढे इन्फिक्स. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो: दोन्ही खुब्यांच्या वर हाडात एकेक जाड स्क्रू, मणक्यात वापरतात तसला, आणि ते दोन जोडणारा वाकवलेला रॉड कातडीखालून बेंबीच्या बराच खाली. म्हणजे बाहेरची फ्रेमच, पण आत. पँट घालता येते, कुशीवर झोपता येतं, जखमेतून बाहेर काही येत नाही. पहिल्या आठवड्यात पिनांची फ्रेम होती आणि नंतर हे. दोन्ही भोगलेला माणूस म्हणून सांगतो, फरक फार मोठा आहे.

त्रास हा झाला. उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आणि आग. चादर लागली तरी चरचर. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं की तिथून एक कातडीची नस जाते आणि ती दुखावते. रॉड काढल्यावर दोन-तीन महिन्यांत बरीच कमी झाली, पूर्ण नाही. दुसरं म्हणजे काढायला परत भूल घ्यावी लागते. मी चार महिन्यांनी काढून घेतला. हे दुसरं ऑपरेशन खर्चात आणि रजेत आधीच धरा. मला कोणी धरायला सांगितलं नव्हतं.

अस्थिरंग

निवडुंग, ती नस दुखावणं ही इन्फिक्सची सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार. क्वचित घडणारी पण गंभीर गोष्ट वेगळी आहे: रॉड हाडाला फार चिकटून बसवला तर मांडीच्या मुख्य नसेवर आणि रक्तवाहिन्यांवर दाब येतो, गुडघा सरळ करण्याची ताकद जाते. म्हणून स्क्रूची डोकी मुद्दाम हाडापासून उंच ठेवायची असतात. सडपातळ माणसात मग ती हाताला लागतात, बसताना टोचतात. ऑपरेशननंतर गुडघा उचलता येत नसेल तर लगेच सांगावं, वाट बघू नये. आणि स्क्रूभोवती नको तिथे नवीन हाड तयार होण्याचाही प्रकार आहे, बहुतेकांना त्याचा त्रास मात्र होत नाही.

कृष्णकमळ

सगळे बारीक छेदाचं कौतुक करताय म्हणून माझ्या वडिलांचं सांगते. शहर आणि रुग्णालय लिहीत नाही. त्यांनाही बारीक छेदातूनच स्क्रू घातला. दुसऱ्या दिवशी पाऊल वर उचलता येईना. "सूज आहे, जाईल" असं चार दिवस ऐकलं. शेवटी मीच सीटीचा हट्ट धरला. स्क्रू सॅक्रमच्या पुढून हाडाबाहेर निघून परत आत गेला होता. पुण्यात आणून काढला आणि दुसरा घातला. पाऊल दीड वर्षाने बऱ्यापैकी आलं, तोपर्यंत बुटात पट्टी. छेद एक सेंटीमीटरचाच होता. आतलं कोणाला दिसत नव्हतं, घालणाऱ्यालाही नाही.

अस्थिरंग

कृष्णकमळ, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. हाच या पद्धतीचा खरा धोका आहे. उघडलेल्या ऑपरेशनमध्ये जखमेचा, जंतुसंसर्गाचा, रक्त जाण्याचा धोका. बंद ऑपरेशनमध्ये न दिसण्याचा. तुम्ही सांगताय ती पाचव्या कंबर-मणक्याची नस, सॅक्रमच्या खांद्यावरून जाते. स्क्रू त्या खांद्याच्या पुढून बाहेर पडून परत हाडात शिरला तर काही कोनांतून आत असल्यासारखाच दिसतो.

पोटात वायू फार असेल, माणूस स्थूल असेल, हाड विरळ असेल तर सी-आर्मचं चित्र धूसर येतं. त्या वेळी तार पुढे न ढकलता थांबणं हे कौशल्यच आहे. त्रिमितीय सी-आर्म किंवा नॅव्हिगेशन असेल तर टेबलावरच सीटीसारखं बघता येतं आणि चुकीच्या जागी जाण्याचं प्रमाण घटतं. पण यंत्राने कडं जागेवर येत नाही, ते हातानेच आणावं लागतं. सरकलेल्या हाडात तारेची वाटही अरुंद होते. म्हणजे नीट न बसवता स्क्रू घालायला गेलं की दोन चुका एकदम होतात.

ऑपरेशननंतर नवीन अशक्तपणा किंवा बधिरता आली तर त्याच दिवशी सीटी. यात "बघू" म्हणून थांबायला जागा नाही.

तळजाई

कृष्णकमळ, वाचून पोटात कालवलं. भावाच्या वेळी ऑपरेशनच्या आधी पायाची बोटं आणि पाऊल किती उचलतं याची नोंद केली होती आणि नंतर तीच परत तपासली. मला तेव्हा ते उगीच वाटलं होतं.

सदाशिवपेठी

माझी आई ७८ वर्षांची. अपघात वगैरे काही नाही, न्हाणीघरात बसकण मारल्यासारखी पडली. एक्स-रेत समोरच्या फांदीला बारीक चीर. "वयाचं आहे, झोपून राहा, जुळेल." तीन आठवडे झोपली. जुळण्याऐवजी खचतच गेली. खाणं कमी, पाठीला लाल चट्टा, रात्री बरळणं. कूस बदलतानाही मागे दुखतं म्हणायची आणि आम्ही पुढच्या चिरेला दोष देत राहिलो. वाड्यात लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणली आणि दुसरीकडे दाखवलं, तर एमआरआयमध्ये सॅक्रमला दोन्ही बाजूंनी चिरा.

दोन लांब आडवे स्क्रू घातले, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. एकाभोवती हाडाचं सिमेंट. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली. मला तीन आठवड्यांचं वाईट वाटतं. कोणाच्या घरात म्हातारं माणूस साधं पडून आठवड्याभरात उभं राहू शकत नसेल, तर मागचं बघायला सांगा. एवढ्यासाठीच लिहिलं.

अस्थिरंग

हा अनुभव स्वतंत्र धाग्याचा आहे. ठिसूळ हाडांच्या अशा फ्रॅक्चरची वेगळी वर्गवारी रोमेन्स आणि हॉफमन यांनी २०१३ मध्ये केली, कारण तरुणांच्या अपघाताचे नियम इथे लागू पडत नाहीत. फक्त पुढची चीर, किंवा मागे न सरकलेली चीर असेल तर आधी वेदनाशामक देऊन चालवून बघतात. चालता येत नसेल किंवा मागचं सरकलेलं असेल तर ऑपरेशनचा विचार. इथे बारीक छेदाची पद्धत सगळ्यात उपयोगाची ठरते, कारण एवढ्या वयाला पाठीवरचा मोठा छेद झेपणं कठीण. सिमेंटमुळे मऊ हाडात पकड मिळते. ते नसांच्या भोकात गळू नये म्हणून थोडं आणि चित्रात बघत भरायचं. समोरच्या फांदीतला लांब स्क्रू वयस्क स्त्रियांमध्ये सैल होऊन मागे येण्याची शक्यता जास्त, तो घालताना विचार करावा.

आणि आईंची हाडांची घनता मोजून औषध सुरू झालंय ना? स्क्रूने हे हाड धरलं. पुढचं मोडू नये म्हणून ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि ठिसूळपणाची औषधं लागतात.

सदाशिवपेठी

रोज एक इंजेक्शन सुरू आहे, पोटाच्या कातडीत. मीच देतो.

भिंगरी

तळजाई, तू भावाच्या चालण्याचं काहीच लिहिलं नाहीस! मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन कुठलंही होवो, पुढचे तीन महिने आमच्याकडेच असतात.

छेद लहान असला की माणूस लवकर बरा वाटतो, आणि तिथेच गडबड होते. दुखत नाही म्हणून पाय टाकतो. मागचं अस्थिर फ्रॅक्चर असेल तर साधारण सहा ते बारा आठवडे त्या पायावर पूर्ण भार नाही, किती ते डॉक्टर ठरवतात. मी पेशंटला सांगते, पायाखाली भाजलेला पापड आहे असं समजा. पाऊल टेकायचं, पापड मोडायचा नाही. पुढे थोडा भार टाकायची परवानगी मिळाली की घरातल्या वजनकाट्यावर तो पाय ठेवून काटा १५-२० किलोवर नेऊन बघायचं. दोनदा केलं की अंगाला कळतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, कुबड्या दुखऱ्या पायाबरोबर. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणा. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, श्रावण असो की घरी पूजा असो.

पहिल्या दिवसापासून घोट्यांची वर-खाली हालचाल, दर तासाला. पायांत रक्ताच्या गाठी होणं हा पेल्व्हिसच्या फ्रॅक्चरमधला मोठा धोका आहे. त्या होऊ नयेत म्हणून पोटाच्या कातडीत इंजेक्शनं देतात, त्यांचा एकही डोस चुकवू नका. पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली तर फिजिओला फोन करू नका, थेट रुग्णालयात जा.

तळजाई

भिंगरी, वजनकाटा आमच्याकडेही होता! दहाव्या आठवड्याला डॉक्टरांनी पूर्ण भार द्यायला सांगितलं, तरी तो महिनाभर घाबरत होता. पर्वतीच्या पायऱ्या सहाव्या महिन्यात चढला, निम्म्या.

ओंजळ

एक विचारायचं होतं. माझी नणंद २९ वर्षांची आहे, मागे दोन स्क्रू आहेत, समोर काही नाही. लग्न ठरतंय. मुलाकडचे विचारतात की मूल होताना अडचण येईल का. स्क्रू काढायलाच हवेत का?

अस्थिरंग

मागचे स्क्रू हाडाच्या आत असतात, बाळाच्या वाटेत येत नाहीत. त्रास नसेल तर ते काढावेच लागतात असं नाही. हाड नीट जागेवर जुळलं असेल तर नैसर्गिक प्रसूती होऊ शकते, झालेल्या आहेत. अशा स्त्रियांमध्ये सिझेरियनचं प्रमाण जास्त दिसतं, त्यात पुष्कळ वाटा डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या सावधपणाचा असतो. समोर सांध्यावर प्लेट असती तर चर्चा वेगळी झाली असती, कारण गरोदरपणात तो सांधा थोडा सैल होतो. नणंदेला आताचा एक्स-रे आणि ऑपरेशनचे कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा भेटू द्या. लघवीचा किंवा संबंधांच्या वेळी वेदनेचा काही त्रास असेल तर तोही त्यांना सांगू द्या. पेल्व्हिसच्या फ्रॅक्चरनंतर हे असतं आणि संकोचाने कोणी बोलत नाही, पुरुषही.

घाटवाट

धागा वर काढतोय. माझे मेहुणे काल संध्याकाळी वाघोलीजवळ पडले, अंगावरून गाडीचं चाक गेलं. पुण्यातच आहेत. समोरचा सांधा चार सेंटीमीटर उघडलाय असं सांगितलं. रात्री कमरेला पट्टा बांधला होता. सकाळी दुसरे डॉक्टर आले, त्यांनी तो सोडून खाली बांधला. आता म्हणतात समोर उघडून प्लेट आणि मागे बारीक छेदातून स्क्रू. हा धागा वाचून विचारलं की समोरही बारीक छेदातून का नाही, तर ते म्हणाले इथे नाही. बहीण घाबरलीय. काय करू?

अस्थिरंग

आधी पट्ट्याचं. तो पोटावर बांधायचा नसतो. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या पातळीवर बांधायचा, तरच कडं मिटतं. ही चूक खूप ठिकाणी होते. दुसऱ्या डॉक्टरांनी बदलला, बरं केलं. अपघाताच्या जागी पट्टा नसेल तर घडी घातलेली चादर त्याच जागी घट्ट आवळली तरी चालते.

आता प्लेट. अडीच सेंटीमीटरच्या वर समोरचा सांधा उघडला की अस्थिबंध तुटलेले धरतात. तिथे फांदी मोडलेली नाही, सांधा फाटलाय, त्यामुळे फांदीतला लांब स्क्रू कामाचा नाही. सिझेरियनसारखा आडवा छेद घेऊन प्लेट बसवणं ही प्रस्थापित पद्धत आहे आणि तो छेद सहसा छान भरतो. पुढचं बसवलं की मागचंही बरंचसं जागेवर येतं, मग तिथे बारीक छेदातून स्क्रू. तुमचे डॉक्टर दोन्ही पद्धती जिथल्या तिथे वापरतायत. मला सांगितलेलं ऐकून त्यात खटकण्यासारखं काही दिसत नाही.

दोन गोष्टी मात्र विचारा. लघवीच्या वाटेतून रक्त आलं होतं का, आणि नळी घालण्याआधी मूत्रमार्ग तपासला का. आणि चाक गेलंय तर मांडीच्या वरच्या बाजूला कातडी आतून सुटून खाली पाणी-रक्त साचलंय का. असेल तर छेद कुठे घ्यायचा हे त्यावर ठरतं.

तळजाई

घाटवाट, पैशांचं आत्ताच बघून ठेव. रस्ते अपघातासाठी केंद्राची विनारोकड उपचार योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झालीय, नोंदणीकृत रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत. त्याला पोलिसांकडे अपघाताची नोंद लागते. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा कक्ष रुग्णालयात आहे का विचार, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. आम्ही हे डिस्चार्जच्या दिवशी विचारलं, तोपर्यंत उशीर झाला होता. आणि बहिणीला एकटीला कागदांवर सही करायला बसवू नकोस, जवळ बस.

घाटवाट

विचारून आलो. रक्त आलं नव्हतं, तरीही त्यांनी मूत्रमार्गात रंगाचं औषध सोडून एक्स-रे काढला, मार्ग ठीक आहे. उजव्या मांडीवर बाहेरून मऊ फुगवटा आहे, तो त्यांनी आधीच खुणा करून ठेवलाय, छेद तिथून घेणार नाहीत. पायाची बोटं दोन्ही उचलतात, ते माझ्यासमोर लिहून घेतलं. योजनेचा कक्ष तळमजल्यावर आहे, बहिणीचं रेशन कार्ड वाघोलीच्या घरी, ते आणायला भाचा गेलाय. परवा सकाळची पहिली केस लावलीय. रक्ताच्या दोन पिशव्या लागतील म्हणाले, मी आणि माझा मित्र उद्या देऊन येतो.

भिंगरी

घोट्यांची हालचाल आजपासूनच सुरू करायला सांग, दर तासाला. ऑपरेशनची वाट बघायची नाही.

घाटवाट

सांगितलं. बहीण घड्याळ लावून बसलीय.